नातेपुते ते अक्कलकोट, आठ टायरांवर

मोटारींची शर्यत बघायला गेलेल्या माणसाला गाडी दिसते, धुरळा दिसतो, हेल्मेट घातलेलं डोकं दिसतं. मला टायर दिसतात. साताऱ्यात आमचं टायरचं दुकान आहे आणि लग्न होऊन आल्यापासून अठ्ठावीस वर्षं माझे हात रबरातच आहेत. गेल्या मार्चमध्ये सोलापूर जिल्ह्यात तीन दिवस फिरून आले, तेव्हा बहिणीनं फोनवर विचारलं, "काय काय बघितलंस गं?" मला पटकन सांगता येईना. बघितलं पुष्कळ होतं. पण त्यातली एक गोष्ट मी बघूनही न बघितल्यासारखी केली होती, आणि ती वगळून बाकीचं सांगणं मला जमेना. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या गल्लीतला समीर शेतीच्या पंपांचा धंदा करतो आणि सवड मिळेल तेव्हा मातीवरच्या शर्यतीत गाडी पळवतो. वय चौतीस. मला वहिनी म्हणतो. त्याच्या शेजारी बसून वळणांची वही वाचून दाखवणारी देविका शाळेत गणित शिकवते. ती मला काकू म्हणते. ह्या शर्यतीला रॅली म्हणतात. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. गावाबाहेरचा कच्चा रस्ता काही तासांपुरता बंद करतात, एकेक गाडी दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं सोडतात, आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो पुढं. देविका म्हणणार "डावं, घट्ट, पुढं चढ", आणि समीर ते ऐकून न दिसणाऱ्या वळणात गाडी घालणार. टायरांचं काम आमचे हे बघायचे. ह्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले, ते दुकानात बसले आणि मी निघाले.

समीरसाठी ही रॅली मोठी होती. वर्षभरातल्या सगळ्या रॅल्या त्यानं पुऱ्या केल्या, तर एक मोठा संघ पुढच्या वर्षी त्याला स्वतःची गाडी चालवायला देणार होता. ही शेवटची. जिंकायची गरज नव्हती. पुरी करायची होती.

नातेपुते

फलटण मागं पडलं की जमीन हळूहळू पाणी सोडत जाते. साताऱ्याकडच्या माणसाला डोंगर लागतोच कुठंतरी. इथं दक्षिणेला शिंगणापूरचे डोंगर तेवढे दिसतात आणि बाकी सगळं मोकळं. मधेच डाळिंबाची बाग, मधेच कोंबड्यांची लांबलचक शेड, आणि मग नुसता माळ. ज्वारीची काढणी झाली होती. बांधाबांधाला कडब्याच्या गंजी उभ्या होत्या.

पहिलं पंक्चर टायर-अवजारं लादलेल्या आमच्या टेम्पोचंच झालं, बाभळीच्या काट्यानं. टायरवाली बाई आणि तिचीच गाडी पंक्चर, म्हणून देविका इतकी हसली की तिला पाना धरता येईना. समोर चहाचं हॉटेल होतं. तिथली मालकीण बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ताई, तुमी सोता चाक काढताय व्हय?"

"आमचा धंदाच आहे तो."

"मग शर्यतीत बी तुमीच पळवणार काय?"

"नाही हो. मी फक्त टायर बघते."

"त्येच की," ती म्हणाली, "पळवणाऱ्याला काय लागतंय!" आणि आत जाऊन तिनं आम्हाला न मागता जेवायला वाढलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. आमच्याकडं भाकरी मऊ असते, तव्यावरून ताटात येते. ही पापडासारखी मोडायची आणि महिनाभर टिकते म्हणे. मी दोन भाकऱ्या पदरात बांधून घेतल्या. टिकणाऱ्या वस्तूचा मला मोह आहे.

आता टायरांचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाळेत दोन तऱ्हेची खोडरबरं असायची. एक मऊ, एका झटक्यात पुसायचं, पण चार दिवसांत संपायचं. दुसरं कडक, वर्षभर पुरायचं, पण कागद काळा करायचं. शर्यतीचे टायर तसेच. मऊ रबर जमिनीला चिकटतं, गाडी वळणात घसरत नाही, पण ते झिजतं, तापलं की त्याचे तुकडे उडतात. कडक रबर टिकतं, पण पकड कमी, म्हणून वळणात वेग कमी करावा लागतो. हुशार चालक म्हणजे नुसता वेगात चालवणारा नव्हे. आपले टायर किती राहिले ते ओळखून चालवणारा.

ह्या रॅलीत प्रत्येक गाडीला तीन दिवसांसाठी आठच टायर होते. पहिल्या सकाळी त्यांच्यावर पिवळ्या रंगाची खूण केली गेली. नववा लावला की बाद. आम्ही चार कडक घेतले, चार मऊ. बेत माझा होता. नातेपुते आणि मोहोळचे दोन्ही दिवस कडक टायरांवर काढायचे. अक्कलकोटचे टप्पे छोटे, सकाळच्या गारव्यातले. तिथं चार कोरे मऊ टायर चढवायचे आणि सगळ्यांच्या पुढं जायचं. समीरला बेत आवडला. मला तर फारच आवडला होता.

पहिला दिवस छान गेला. माळावर मुरूम आणि टोकदार दगड. गाडी परत आली तेव्हा तिचा रंग ओळखू येत नव्हता. समीर त्याच्या गटात तिसरा होता. मी चारी टायर उतरवून धुतले. नक्षीच्या कडा गोल झाल्या होत्या, ते अपेक्षितच होतं. चौथ्या टायरवर हात फिरवताना बोट अडकलं.

टायरच्या बाजूला, ज्या भागाला आम्ही साइडवॉल म्हणतो, तिथं एक काप होता. बोटाच्या पेराएवढा. जमिनीला टेकतो तो भाग जाड असतो; तिथं काप चालतो. बाजू पातळ असते आणि सगळा भार तिथंच वाकतो. मी अंगठा दाबला. आतला पांढरा धागा दिसला नाही. पुन्हा दाबला. काही तरी पांढुरकं दिसल्यासारखं झालं, पण ती माती असेल असं मी ठरवलं. ठरवलं, हाच शब्द बरोबर.

दुकानात असा टायर कोणी आणला असता, तर मी त्याला म्हटलं असतं, "दादा, ह्यावर बायकोपोरांना बसवू नका." इथं मी काय केलं? हिशेब केला. हा टायर काढला, तर उद्या एक मऊ टायर लावावा लागेल, आणि अक्कलकोटसाठी चार कोरे राहणार नाहीत. बेत मोडेल. मोहोळला काळी माती, दगड कमी. एक दिवस तर काढायचा आहे. त्या टायरला आत-बाहेर असा भेद नव्हता. मी तो उलटा करून कापलेली बाजू आत घातली आणि मागच्या डाव्या चाकाला चढवला. बाहेरून कोणालाच दिसला नसता.

समीर चहा घेऊन आला. "सगळं ठीक ना, वहिनी?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

मोहोळ

दुसऱ्या दिवशी ऊन सकाळी नऊलाच अंगावर आलं. मोहोळच्या बाजाराजवळच्या मैदानात सगळ्या संघांचे तंबू होते. बाजाराचा दिवस असावा. शेळ्या घेऊन निघालेली माणसं तंबूंसमोर थांबून जॅकवर उभ्या गाड्या बघत होती. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, एवढं पळून कुटं जायाचं असतंय ह्यास्नी?" मी म्हटलं, "इथंच परत यायचं असतं." त्याला ते लई पटलं. त्यानं ते आपल्या सोबत्याला दोनदा सांगितलं.

मी बाजार आमटी खाल्ली. बऱ्याच डाळींची, लालभडक, तर्री वर आलेली. चुरलेली भाकरी तिच्यात बुडाली पाहिजे असं वाढणाऱ्यानं मला दाखवलं, कारण मी साताऱ्याच्या रिवाजानं तुकडा मोडून लावून खात होते. मी नाकातून पाणी काढत जेवत होते, आणि शेजारच्या तंबूतल्या वायरलेसवर आमच्या गाडीचा नंबर ऐकू आला. अकरा नंबर थांबली आहे. चौदाव्या किलोमीटरला. माणसं हालताहेत.

"माणसं हालताहेत" हे ऐकून मला आधी बरं वाटलं, आणि मग मी ताट खाली ठेवलं. अशा वेळी काय काय सांगितलं जाऊ शकतं, ते तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

रस्ता मोकळा झाल्यावर मी टेम्पो घेऊन गेले. उजनीच्या कालव्याच्या कडेनं रस्ता जातो आणि एका ठिकाणी उजवीकडं वळतो. उजव्या वळणात सगळा भार डाव्या चाकांवर येतो. तिथं रस्त्यावर रबराची एक लांब पट्टी पडलेली होती. पुढं बांध फुटलेला, आणि बांधाच्या पलीकडं काढलेल्या ज्वारीच्या रानात, एका कडब्याच्या गंजीत नाक खुपसून आमची गाडी उभी.

समीर ठीक होता. देविकाचा ओठ फाटला होता, तिनं रुमाल दाबून धरला होता. पण मी त्यांच्याकडं नीट बघायच्या आधीच दुसरं दिसलं. गंजीच्या मागं मेंढरांची वाघर होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती एका बाजूनं जमिनीवर पडली होती आणि गाडीच्या बंपरमध्ये तिचा दोर अडकला होता. मेंढरं रानभर पांगली होती. आणि वाघरीच्या पलीकडं, बाभळीला बांधलेल्या झोळीत, एक लेकरू झोपलेलं होतं. गाडीपासून झोळी किती लांब, ते मी सांगत नाही. हात लांब केला असता तर पोचला नसता, एवढंच.

त्या धनगर कुटुंबातली बाई, हौसाबाई, झोळीला धरून उभी होती. साठीची असेल. तिचा मुलगा आणि सून मेंढरांमागं धावत होते. ती आरडाओरडा करत नव्हती. ती रॅलीच्या माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती.

"आमाला पन्नास पावलं लांब बसा म्हणले. आमी साठ मोजली की. माझ्या ल्योकानं मोजली. तुमची गाडीच हितवर आली."

रॅलीचा माणूस वहीत लिहीत होता. त्यानं समीरला विचारलं, "काय झालं?"

"मागचा टायर फुटला. दगड लागला असणार," समीर म्हणाला. त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं. त्या माणसानं लिहिलं: दगडामुळे टायर फुटला.

मग आम्ही सगळे मेंढरांमागं धावलो. समीर त्याच्या शर्यतीच्या जाड पोशाखात, घामानं निथळत. मी साडी खोचून. मेंढरू हाकलायची एक रीत असते, ती आम्हाला येत नव्हती. आम्ही पुढून जायचो आणि ती आणखी पांगायची. हौसाबाईचा मुलगा ओरडला, "पाव्हणं, उभं ऱ्हावा नुसतं! तितंच उभं ऱ्हावा!" आम्ही खांबांसारखे उभे राहिलो आणि त्यानं एका शिट्टीत सगळा कळप आमच्या मधून काढून नेला. एका कोकराचा पाय मुरगळला होता. बाकी सगळी मिळाली.

दुपारी हौसाबाईच्या सुनेनं शेळीच्या दुधाचा चहा केला. आमच्यामुळं त्यांचा दिवस मोडला, आणि चहा आम्हालाच. मी कप घेतला नाही. मी गाडीच्या मागच्या चाकापाशी बसले होते. टायरचं जे काही उरलं होतं ते रिमला लोंबत होतं. फाट कुठून सुरू झाली ते मला ओळखायला चष्मा लागला नाही. पेराएवढ्या जुन्या कापाच्या कडा मळलेल्या होत्या, आणि तिथून पुढं फाटलेलं रबर ताजं, काळंभोर होतं. दगडाचा कुठं मागमूस नव्हता.

हौसाबाई येऊन शेजारी टेकली. लेकरू आता तिच्या मांडीवर होतं.

"हेच फुटलं व्हय?"

"हो."

"कशानं?"

मी लोंबणारं रबर उलटून धरलं. तिनं फाटीवर बोट ठेवलं, जुन्या कडेवर. तिला टायरातलं काही कळत नव्हतं, ती नुसतं हात लावून बघत होती. पण बोट तिथंच ठेवून तिनं विचारलं, "आदी दिसलं न्हवतं का कुणाला?"

"दिसलं होतं," मी म्हटलं. "मला दिसलं होतं."

मला वाटतं, मी कोणाला तरी सांगायला वाटच बघत होते, आणि ती अनोळखी होती म्हणून सोपं गेलं. माझी कल्पना होती की खेड्यातली शहाणी बाई काही समजुतीचं बोलेल. तिनं बोट काढून घेतलं.

"मग कशाला लावलं?"

बेत, कोरे चार टायर, अक्कलकोटचा गारवा, ह्यातलं काहीच त्या रानात बसून बोलण्यासारखं नव्हतं. ती उठली. लेकराला खांद्यावर टाकलं आणि पलीकडच्या सावलीत जाऊन माझ्याकडं पाठ करून बसली. आम्ही निघेपर्यंत ती तिथून उठली नाही.

मी वळले तर मागं देविका उभी होती, ओठावर रुमाल धरून. तिनं सगळं ऐकलं होतं.

सोलापूर

देविकाच्या ओठाला टाके घालायला आम्ही सोलापुरात थांबलो. गाडी मागून ट्रकनं अक्कलकोटला जात होती. ती दुरुस्त झाली तर नियमाप्रमाणे वेळेचा दंड घेऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा उतरता येणार होतं. दवाखाना एका विणकर वस्तीत होता. गल्लीतून यंत्रमागांची खडखड येत होती आणि बाकावर बसलेल्या दोन बायका आपसांत तेलुगू आणि डॉक्टरांच्या मदतनिसाशी मराठी, अशा सहज बोलत होत्या की भाषा कुठं बदलते ते कळत नव्हतं. एकीनं देविकाचा ओठ बघून स्वतःची पाण्याची बाटली दिली.

देविका आत जाण्याआधी माझ्याजवळ वाकली. बोलताना तिला दुखत होतं. "काकू, तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मीच सांगते."

समीर बाहेर पायरीवर बसला होता. मी उभी राहूनच सांगितलं. बसले असते तर धीर सुटला असता. काप होता. मी अंगठा दाबून बघितला होता. पांढरं दिसलं होतं. बाजू आत करून लावला. तू विचारलंस तेव्हा ठीक म्हणाले.

तो चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी कानांनी देविकाला ऐकतो आणि डोळ्यांनी रस्ता बघतो. टायर मला दिसत नाही. आत बसल्यावर मला चारही टायर कधीच दिसत नाहीत. त्यासाठी तुम्ही आहात."

"माहीत आहे."

"ते लेकरू..." तो म्हणाला आणि पायरीवरून उठला.

अक्कलकोटच्या वाटेवर मी नातेपुत्याहून बांधून आणलेल्या भाकऱ्या काढल्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत.

अक्कलकोट

अक्कलकोटात दर्शनाला आलेल्या माणसांची गर्दी बारा महिने असते. हॉटेलात मराठीत मागवलं की आतल्या आचाऱ्याला ते कन्नडमध्ये सांगितलं जातं. आम्हाला जागा मिळाली ती गावाबाहेर, शिवप्पा नावाच्या पंक्चरवाल्याच्या शेडमध्ये. आमच्याच धंद्यातला माणूस. मला बघून "बर्री अक्का, बर्री", म्हणजे या ताई, या, असं म्हणत त्यानं खुर्ची पुसली. त्यानं आणि समीरनं मिळून गाडीचा वाकलेला दांडा सरळ केला. शिवप्पाच्या बायकोनं गव्हाची हुग्गी पाठवली, गूळ घातलेली, तूप वर तरंगणारी. दिवसभरात पहिल्यांदा तिघंही एकत्र जेवलो.

"उद्या कुठला रस्ता?" शिवप्पानं विचारलं. मी सांगितला.

त्यानं कपाळाला हात लावला. "कल्लु भाळ अदावरी, अक्का. दगड लई हाय तितं. नवी खडी टाकल्यात की, आठ दिस झाले."

माझ्या बेताचा उरलेला भागही गेला. सात टायर राहिले होते: तीन झिजलेले कडक, चार कोरे मऊ. तीन कडक आणि एक मऊ लावला तर गाडी सरळ चालणार नाही. चार मऊ लावले तर पकड उत्तम, पण नव्या खडीवर ते किती काळ एकसंध राहतील, कोणी सांगू शकत नाही.

सकाळी गारव्यात मी चारी मऊ टायर जमिनीवर मांडले आणि समीरला बोलावलं. पूर्वी मी फक्त "तयार आहे" असं म्हणायची. ह्या वेळी प्रत्येक टायरवर खडूनं लिहिलं आणि सांगत गेले. ह्याची एक कड थोडी वर आहे, काही होणार नाही. ह्यात हवा दोन पौंड कमी ठेवली आहे, तापल्यावर बरोबर होईल. "पहिला टप्पा जोरात घे. शेवटचा अकरा किलोमीटरचा आहे. त्यातले सात मी खात्रीनं सांगते. पुढच्या चारांबद्दल मला माहीत नाही."

"माहीत नाही?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. अंदाज सांगू शकते, पण तो अंदाज असेल."

त्यानं देविकाकडं बघितलं. तिनं वहीत सातव्या किलोमीटरवर लाल रेघ मारली.

पहिल्या टप्प्यात तो त्याच्या गटात वेगात दुसरा आला. माझा बेत तसा चुकीचा नव्हताच. हे कळून बरं वाटलं नाही. शेवटच्या टप्प्याच्या टोकाला मी आणि शिवप्पा उभे राहिलो. आधीची गाडी येऊन गेली, तिच्या पुढच्या चाकावर रबराच्या चिंध्या. मग आमची अकरा नंबर दिसली, रोज बाजारात जावं अशा बेतानं येत होती. मागची गाडी तिला जवळजवळ गाठत होती. प्रेक्षकांत कोणी हसलं. समीरनं वेग वाढवला नाही. शेवटची रेघ ओलांडली आणि थांबला.

टायर बघायला मी वाकले. मागच्या उजव्याच्या नक्षीचे तीन ठोकळे गळून गेले होते, खालचा थर दिसत होता. त्यानं तो चार किलोमीटर तसाच, हळूहळू, घरी आणला होता. नववा क्रमांक. रॅली पुरी.

दुपारी निकालावर सह्या करायच्या होत्या. प्रमुख अधिकारी लष्करातून निवृत्त झालेले, सौम्य बोलणारे गृहस्थ. त्यांनी समीरपुढं मोहोळच्या अपघाताचा कागद ठेवला. "एवढ्यावर सही करा. कारण: दगड. मी तो मेंढपाळांचा भाग कालच्या नकाशावर बघितला. पन्नास पावलांचं अंतर तसं ठीक आहे. असा दगड काय, दरवेळी लागत नाही. पुढच्या वर्षीही तेवढंच ठेवू."

समीरनं पेन उचललं. त्यानं सही केली असती तर मी त्याला दोष दिला नसता. पुढच्या वर्षीची गाडी त्या कागदावर होती. त्यानं पेन हातात फिरवलं आणि मग कागद माझ्याकडं सरकवला.

"दगड नव्हता, साहेब," मी म्हटलं. "टायर आधीच कापलेला होता. मला माहीत होतं. मी लावला."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कळतंय ना? सदोष टायर माहीत असून लावला, म्हणजे संघ बाद. निकालातून नाव जाईल."

"कळतंय." मी समीरकडं बघितलं. तो खाली बघत होता, पण त्यानं थांबवलं नाही. "आणि अंतर वाढवा, साहेब. दगड दरवेळी लागत नसेल. पण माझ्यासारखं कोणीतरी दरवेळी असेल."

त्यांनी कारणावर काट मारली आणि माझे शब्द लिहून घेतले. मग खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. ती मला उलटी नीट वाचता आली नाही, 'अंतर' एवढा शब्द तेवढा लागला. बाहेर आल्यावर समीरनं गाडीच्या दारावरचा अकरा नंबर नखानं सोलून काढला. चांगला चिकटला होता, वेळ लागला. देविका त्याला मदत करायला गेली. मी गेले नाही.

परतल्यावर समीर दुकानाकडं फिरकला नाही. समोरून जायचा, मान हलवायचा. मोठ्या संघानं गाडी दुसऱ्या कोणाला दिली असं देविकाकडून कळलं. ह्यांनी एकदा विचारलं, "काय झालं तिकडं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मी असतो तरी कदाचित लावला असता." मी म्हटलं, "तेच तर."

जून लागायच्या आधी एका सकाळी तो आला. त्याच्या जुन्या गाडीचे चार टायर त्यानं दुकानापुढं उतरवले, एकेक करून, आणि माझ्यापुढं आडवे टाकले. एक छोटी शर्यत होती म्हणे, जवळच, एका दिवसाची. मी चष्मा लावला आणि पहिला टायर ओढला. तो गेला नाही. चहाला जाऊन येतो, असंही म्हणाला नाही. माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"मला पण दाखवा," तो म्हणाला. "कसं बघता ते."

मी त्याचा अंगठा धरला आणि साइडवॉलवर ठेवला. तो डोळे बारीक करून बघायला लागला.

"डोळ्यांनी नाही," मी म्हटलं. "अंगठ्यानं. दाब. अजून."